पाठीवरचा फोम

सोफे दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला अख्खी गल्ली 'आहेना' म्हणायची. कारण उघड होतं. कुणी काहीही अडचण सांगितली की याचं उत्तर तयार असायचं, "अहो, मी आहे ना!" सोफ्याची स्प्रिंग टोचते? मी आहे ना. खुर्ची डुगडुगते? मी आहे ना. इथपर्यंत ठीक. पण शेजारच्या चष्मेवाल्याच्या मुलीचं लग्न जमत नव्हतं, तर तिथेही हा जाऊन सांगून आला, "तुम्ही कशाला काळजी करता, मी आहे ना!" आता त्यात हा काय डोंबल करणार होता? पण माणूस मनाचा वाईट नव्हता हो. बोलायचा तेव्हा त्याला ते अगदी खरं वाटायचं. बोलून झालं की दुसरं कुणीतरी हाक मारायचं, तिथेही 'मी आहे ना' व्हायचं आणि आधीचं राहून जायचं.

कामाला मात्र कुणी नावं ठेवू शकलं नसतं. दुकान म्हणजे एक लांबट खोली, भिंतीला टेकवलेले फोमचे ठोकळे, कोपऱ्यात काथ्याचा ढीग, छताला लटकलेले सोफ्यांचे सांगाडे. तोंडात बारके खिळे धरून तो बोलायचा आणि बोलता बोलता ठोकायचा. वाकून वाकून कंबर मोडली होती, ती गोष्ट वेगळी. उठताना "आई गं" म्हटल्याशिवाय त्याला उठता येत नसे.

त्याची एक धाकटी बहीण होती. हा तिला 'चिमे' म्हणायचा. तिचा नवरा सैन्यात होता आणि तिकडेच गेला. बातमी आली त्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं. सगळ्यांच्या देखत याने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "रडू नकोस चिमे, मी आहे ना."

तिने ते खरं मानलं. बहीणच ती, मानणारच. मग याने काय केलं? तिच्या घरातल्या दोन खुर्च्यांना नवीन कव्हरं शिवून दिली. सुरेख होती, वाद नाही. पण पेन्शनच्या कचेरीत ती एकटी खेपा घालत राहिली, मुलीच्या शाळेत एकटी गेली, घराचं छप्पर गळायला लागलं तेव्हा माणूस शोधायलाही एकटीच हिंडली. दर वेळी हा निघायचा आणि दर वेळी काहीतरी निघायचं. ती एक शब्द बोलली नाही. उलट कुणी विचारलं तर म्हणायची, "दादाला कामं असतात हो." शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. हे वाक्य कानावर आलं की त्याचा घास तोंडात फिरायचा.

त्या शहरात निवृत्त जवान मिळून दर वर्षी एक पायी मार्च काढायचे. पाठीवर शिपाई वाहतो तेवढं ओझं घ्यायचं, उजाडता निघायचं, गावाबाहेरच्या तळ्याला वळसा घालून दिवस कलायच्या आत मैदानावर परत यायचं. एकेक चालणारा एकेका गेलेल्या जवानाच्या घरासाठी चालायचा. त्याच्या ओळखीचे लोक त्याच्या नावावर पैसे द्यायचे, आणि ते पैसे अशा घरांतल्या मुलांच्या शिक्षणाला जायचे. एका संध्याकाळी बहीण याच्याकडे आली होती, बोलता बोलता म्हणाली, "या वर्षी आमच्या घरासाठी चालायला कुणी नाही, दादा. यांचे मित्र चालायचे, त्यांची बदली झाली."

"कुणी नाही कसं? मी आहे ना!"

निघून गेलं तोंडातून. आत याची बायको भांडी लावत होती, तिच्या हातातलं झाकणच पडलं. ती बाहेर येऊन म्हणाली, "तुम्ही? दुकानातून घरी येताना दोनदा कट्ट्यावर टेकता, आणि तुम्ही तळ्याला वळसा घालणार?" आणि पोट धरून हसायला लागली.

बहीण हसली नाही. तिने भावाकडे असं पाहिलं की याला ते 'नाही हो, गंमत केली' म्हणायचं सुचलंसुद्धा नाही. "खरंच, दादा?" तिने विचारलं. "खरंच," हा म्हणाला. झालं, गळ्यात लोढणं अडकलं.

ती एका दवाखान्यात जखमांच्या पट्ट्या बांधायचं काम करायची. दुसऱ्या दिवशी तिने तिथे सगळ्यांना सांगून टाकलं, माझा भाऊ चालणार आहे. तिसऱ्या दिवशी ती दुकानात आली ती नवऱ्याची सॅक घेऊन. हिरवट, जाड कापडाची, पट्टे घासून मऊ झालेले. "हीच घे," ती म्हणाली. "सुट्टी संपली की मीच भरून द्यायचे त्यांना. यातच वाळू भर."

मार्चच्या आधी सगळ्या चालणाऱ्यांना शाळेच्या सभागृहात बोलावलं होतं. सगळं जमवणारा एक निवृत्त हवालदार होता, पांढऱ्या मिशांचा, बोलणं लष्करी पण डोळे मायाळू. तो समोर उभा राहून सगळं समजावत होता, आणि आमचा आहेना काय करत होता? खुर्ची तपासत होता! सभागृहातल्या गादीच्या खुर्च्या कुणी नवख्याने शिवल्या होत्या, शिवण उलट्या बाजूला, कोपऱ्यात फोम दबलेला. याने बोट घालून फोम चाचपला, शेजारच्या खुर्चीत घालून पाहिलं, वाकून खालचे खिळे बघितले, आणि 'काय गाढव माणूस आहे, इथे काथ्या घालायला हवा होता' असं मनाशी म्हणत बसला. त्यातून त्याच्या कानावर पडलं ते एवढंच, "सॅकचं वजन आम्ही करणार नाही. तुम्ही म्हणाल ते खरं." त्याच्या पुढे हवालदार आणखी काय बोलला ते याने ऐकलं नाही. धंद्याची खोड, दुसरं काय!

घरी येऊन त्याने सॅकमध्ये वाळू भरली, पाठीला लावली आणि गल्लीच्या टोकापर्यंत गेला. टोकाला कमरेत अशी कळ आली की तो चष्मेवाल्याच्या पायरीवर बसला तो उठेचना. चष्मेवाल्याने आणि त्याच्या मुलीने धरून घरी आणला. बायको शेक देत म्हणाली, "सांगून टाका ना चिमीला. माणसाची कंबर आहे, ती काही रागावणार नाही."

हेच तर! ती रागावणार नव्हती. ती म्हणणार होती, असू दे दादा. आणि शेजारणीला सांगणार होती, दादाला कामं असतात. तो सांगायला तिच्या दारापर्यंत गेलासुद्धा. तिने दार उघडलं आणि म्हणाली, "दवाखान्यात सगळ्यांनी तुझ्या नावावर पैसे दिले, दादा! डॉक्टरांनीसुद्धा!" हा पाणी पिऊन परत आला.

आणि मग दुकान बंद असायच्या दिवशी, दार आतून लावून, त्याने तो उद्योग केला. सॅकमधली वाळू काढली आणि फोम भरला. नुसता कोंबला असता तर गोष्ट वेगळी होती. हा कारागीर! भरलेली वाळू कापडाला कुठे फुगवते, कुठे ओढते, हे याला पाठ होतं. त्याने ठोकळा कापून पोटाकडे गोल केला, कोपऱ्यात काथ्याचे गोळे दडपले, सॅकचा तळ जड दिसावा म्हणून आतून टाके घालून खाली ओढून घेतला. कुणी उघडून पाहू नये म्हणून तोंड मेणाच्या दोऱ्याने दुहेरी शिवून टाकलं. मग दोन पावलं मागे सरला आणि बघत राहिला. हुबेहूब! उचलली तर उशीएवढी, बघितली तर दोन माणसांनी धरावी अशी. लाज वाटायला हवी होती त्याला. नाही वाटली. चक्क शिट्टी वाजवली पठ्ठ्याने.

'चालणार तर मी खराच आहे,' तो मनाला म्हणाला. 'अंतर काही फोमचं नाही. पैसे तिच्यासारख्यांनाच मिळणार. कुणाचं काय बिघडतंय?' मनाला काय, पटवलं की पटतं.

मार्चच्या दिवशी उजाडताना सगळे मैदानावर जमले. बहीण दवाखान्यातून परस्पर संध्याकाळी येणार होती. याच्या जोडीला आला एक पोस्टमन, सडपातळ, लाजरा. आयुष्य पायी हिंडण्यात गेलेला माणूस, पण ओझ्याने पहिल्या चढालाच त्याची मान आत गेली. आहेना मात्र ठणठणीत. मधेच आठवण झाली की वाकायचा, विसरला की ताठ.

"काका, तुम्हाला कसं जमतं हो?" पोस्टमनने धापा टाकत विचारलं.

आता गप्प बसावं की नाही? पण नाही! "पट्टा खांद्यावर नाही, छातीवर घ्यायचा," आहेना म्हणाला. "श्वास पोटातून. आणि ओझ्याचा विचारच करायचा नाही. विचार केला की जड होतं." पोस्टमनने मान डोलवली आणि बिचारा पट्टा छातीवर घ्यायला लागला. पुढून हवालदार ओरडला, "बघा रे, बघा त्या काकांकडे! तरण्याताठ्यांनो, लाजा जरा!" सगळ्यांनी वळून पाहिलं. कुणी टाळ्या वाजवल्या. आहेनाने हात हलवला.

तळ्याच्या काठी पहिला थांबा झाला. पोस्टमनने सॅक उतरवली आणि सदऱ्याची कॉलर बाजूला केली. दोन्ही खांदे सोलवटून निघाले होते, कापड कातडीला चिकटलं होतं. तो याच्याकडे बघून ओशाळं हसला, जणू चूक त्याचीच. "माझ्या वर्गमित्राच्या आईवडिलांसाठी चालतोय," तो म्हणाला. "एकुलता होता. तुमचं कोण?"

"बहिणीचा नवरा."

"ही त्यांची सॅक?"

"हो."

पोस्टमनने हात पुढे केला, सॅकवर हळूच ठेवायला. याने झटक्यात सॅक मागे ओढली. "हात नको लावूस!"

पोस्टमनचा चेहरा पडला. "चुकलं काका. मला कळायला हवं होतं," तो म्हणाला आणि पलीकडे जाऊन बसला. त्याला वाटलं, काकांचं दुःख ताजं आहे. आहेनाला मात्र तिथे कळून चुकलं. इतका वेळ सॅक लोकांना फसवत होती, ती आता मेलेल्या माणसाच्या नावाने फसवायला लागली होती.

पुढचा रस्ता त्याने मान खाली घालून कापला. पाय दुखत होते, टाचेला फोड आले होते, ते फुटून मोजे ओले झाले होते, आणि त्याला ते बरं वाटत होतं. निदान हे तरी खरं! रस्त्याच्या कडेला लोक उभे होते. एका म्हाताऱ्याने सॅक बघून डोक्यावरची टोपी काढली. आहेनाने तोंड फिरवलं. एकदा त्याने पोस्टमनला म्हटलं, "दे तुझी सॅक, मी घेतो थोडा वेळ." पोस्टमनच्या डोळ्यांत पाणी आलं. "एवढं स्वतःचं असताना? नाही काका. तुम्ही म्हणजे..." आणि तो डोळे पुसत पुढे झाला. याला वाटलं, रस्ता फाटावा आणि आपण आत जावं.

पाण्याच्या टाकीपाशी शेवटचा थांबा होता. तिथून उताराखाली मैदान दिसत होतं. हवालदार सगळ्यांमधून फिरत पाठी थोपटत होता. "शाब्बास! आता फक्त वळणापर्यंत. तिथे घरची माणसं उभी असतील. सभागृहात सांगितलं होतं तसं, सॅक त्यांच्या पाठीवर द्यायची, आणि मैदानापर्यंत ते नेतील."

"कुणाच्या पाठीवर?" आहेनाने दचकून विचारलं.

"घरच्यांच्या. तुमच्या ताईंच्या. आपण दिवसभर त्यांचं ओझं वाहिलं, ते त्यांनी एकदा हातात घेऊन बघायचं. सांगितलं होतं ना हो!"

सांगितलं होतं. हा तेव्हा खुर्चीत बोट घालून बसला होता.

तो टाकीच्या मागे धावला. तिथे दगडगोटे होते, हवे तेवढे. एक उचलला, दुसरा उचलला, आणि सॅक पुढ्यात घेतली तर तोंड शिवलेलं! मेणाचा दोरा, दुहेरी टाका. त्याने नखं लावली. दातांनी ओढलं. किल्ली काढून टाक्यात खुपसली, किल्ली वाकली, टाका जागचा हलला नाही. आयुष्यभर गिऱ्हाइकांना सांगत आला होता, माझी शिवण तुमच्या नातवंडांना पुरेल. पुरत होती!

"काका?" हवालदार मागे उभा होता. त्याने दगड पाहिले, सॅक पाहिली, याचं घामेजलेलं तोंड पाहिलं.

"साहेब," आहेना म्हणाला, "मला एक सांगायचंय. ही सॅक..."

"काही सांगू नका." हवालदाराने त्याचा खांदा दाबला. "त्यांची आहे ना? समजतं मला. टाकीमागे दर वर्षी कुणीतरी येऊन रडतं. चला, ताई वाट बघत असतील."

एका वाक्याचं काम होतं. 'फोम आहे यात,' तीन शब्द. दिवसभर दुनियेला उपदेश करणाऱ्या माणसाच्या तोंडून तीन शब्द निघाले नाहीत. तो हवालदाराच्या मागून उतार उतरला.

वळणावर घरची माणसं रांगेत उभी होती. म्हातारे आईबाप, तरण्या बायका, दोन-तीन मोठी मुलं. बहीण दवाखान्याचे कपडे न बदलताच आली होती. भावाला बघून तिने दोन्ही हात वर केले, लहानपणी करायची तसे. "दादा! केलंस रे! खरंच केलंस!"

पुढे पोस्टमन आपली सॅक एका म्हाताऱ्याच्या पाठीवर देत होता. म्हाताऱ्याचे गुडघे वाकले, म्हातारीने मागून आधार दिला, आणि दोघं लटपटत पुढे निघाली.

"आण," बहीण म्हणाली आणि वळून पाठ केली.

"राहू दे, चिमे. तुला जड होईल."

हे वाक्य बोलायची हिंमत त्याला कुठून झाली देव जाणे. पण बोलला तो, तिच्या तोंडावर.

"जड व्हायलाच तर आले. आण रे."

त्याने पट्टे खांद्यावरून काढले. तिने पाय रोवले, श्वास आत घेतला, वजन झेलायला अंग घट्ट केलं आणि मागे हात घालून सॅक ओढली. सॅक अशी वर आली की ती स्वतःच पुढे झोकांडली. ती सॅक तिने कितीदा भरली होती, उचलून नवऱ्याच्या पाठीवर दिली होती. तिला पाहायची गरज नव्हती. ती थांबली. मग हळूच मान वळवून तिने भावाकडे पाहिलं. राग नव्हता तिच्या डोळ्यांत. राग असता तर तो तिथेच तिच्या पायाशी बसला असता. 'अच्छा, या वेळीही' एवढंच होतं त्यात, आणि तेही लगेच पुसलं गेलं.

"ताई, हात देऊ का?" पोस्टमन धावत आला आणि त्याने सॅकखाली हात घातलाच होता.

"नको, नको!" ती एकदम बाजूला झाली. "माझं मी नेते." आणि मग, आहेनाच्या डोळ्यांदेखत, ती वाकली. कमरेत वाकली, गुडघ्यात वाकली, पट्टे दोन्ही मुठींत आवळले. "केवढं रे जड, दादा!" ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "दिवसभर कसं वाहिलंस रे तू हे!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती पाऊल पाऊल टाकत निघाली आणि तो रिकाम्या पाठीने तिच्या शेजारून चालू लागला. कुणीतरी त्याच्या पाठीवर थाप मारली. "धन्य आहे बुवा, असा भाऊ मिळायला नशीब लागतं!"

"चिमे," तो पुटपुटला.

"पुढे बघून चाल," ती ओठ न हलवता म्हणाली. "लोक बघतायत."

मैदानावर पोचल्यावर तरी सुटका होईल असं त्याला वाटलं होतं. पण तिथे रिवाज असा की भाषण संपेपर्यंत सॅक खाली ठेवायच्या नाहीत. सगळी घरची माणसं ओझी घेऊन उभी राहिली आणि हवालदार बोलायला लागला. ओझं वाटून घेणाऱ्या माणसांबद्दल बोलला. भावांबद्दल बोलला. बोलता बोलता त्याने आहेनाकडे हातही केला.

बहीण वाकूनच उभी होती. सॅकमध्ये वजन नव्हतं, पण वाकणं काही खोटं करता येत नाही. दिवसभर दवाखान्यात उभी राहून आलेली बाई ती. तिच्या मानेवरून घाम ओघळला, पाठीचा कणा दुखून तिने एकदा ओठ चावला, पाय बदलला, पण ती ताठ झाली नाही. शेजारी म्हातारा कण्हत होता, तो खराच कण्हत होता, आणि ती त्याच्याएवढीच वाकून त्याला धीर देत होती, "झालं हं काका, संपतच आलं."

आहेनाला नुसता हात पुढे करायचा होता. उशीएवढी सॅक, दोन बोटांनी उचलली असती त्याने. पण उचलली असती तर सगळ्यांना दिसलं असतं की ती दोन बोटांनी उचलता येते. म्हणून तो उभा राहिला. त्याच्या गालांवरून पाणी वाहायला लागलं, आणि समोरच्या बायका ते बघून पदराने डोळे पुसायला लागल्या.

बहिणीने वाकल्या वाकल्या मान तिरकी करून त्याच्याकडे पाहिलं.

"उगी, दादा," ती हळू म्हणाली. "थोडंच राहिलंय. मी आहे ना."